शिरेतून दिलेल्या गुंगीखाली अक्कलदाढांची शस्त्रक्रिया : भुलीच्या सेवेविषयी सविस्तर अभिप्राय

खालच्या जबड्यातील दोन्ही अक्कलदाढा एकाच बैठकीत, शिरेतून गुंगीचे औषध घेऊन काढून घेतल्याला आता दोन महिने होत आले. सूज उतरली, टाके विरघळले, तोंड पूर्वीसारखे उघडू लागले, आणि आता निवांतपणे त्या सेवेविषयी लिहिता येईल असे वाटले. दाढ काढणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या हाताचे कौतुक पुष्कळजण करतात, पण भुलीविषयी मात्र ‘काही कळलेच नाही’ या वाक्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. माझ्या मते या सेवेची पारख नेमकी त्या न कळलेल्या वेळात होते. आपले भान हरपलेले असताना आपल्या श्वासाकडे कोण पाहत होते, किती बारकाईने पाहत होते आणि काही बिघडले असते तर त्या माणसाच्या हाताशी काय होते, यावरूनच मी हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण तो माझाही होता. गुंगीच्या औषधाने वेदना जाते अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात वेदना थांबवण्याचे काम हिरडीत किंवा मज्जातंतूजवळ दिलेले इंजेक्शनच करते. गुंगीने भीती ओसरते, अंग सैल पडते आणि झालेले बरेचसे आठवत नाही. म्हणजे शिरेतून औषध घेतले तरी तोंडातील इंजेक्शन चुकत नाही, फक्त ते टोचताना आपल्याला त्याचे काही वाटेनासे होते. ही गोष्ट पहिल्याच भेटीत मला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली, आणि या सेवेवर माझा विश्वास बसण्याची सुरुवात तेथूनच झाली.

मला गुंगीची गरज का भासली, हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी, खालची एक किडलेली दाढ पू धरून ठणकत असताना मी ती काढून घ्यायला गेले होते. तीन वेळा इंजेक्शन दिले, ओठ जड झाला, अर्धी जीभ लाकडासारखी झाली, आणि तरीही दाढेला चिमटा लागताच कळ थेट मस्तकात गेली. ‘दुखत नाही, तुम्हाला फक्त दाब जाणवतो आहे,’ असे मला पुन्हा पुन्हा सांगण्यात येत होते. त्या दिवसानंतर खुर्ची मागे कलू लागली की माझे तळहात घामाने भिजतात. आपणच नाजूक आहोत, सहनशक्ती कमी आहे, असे मी कित्येक वर्षे मानत आले.

खरे कारण मला या वेळच्या भूलतज्ज्ञ बाईंनी समजावून दिले. वरच्या जबड्याचे बाहेरचे हाड पातळ आणि सच्छिद्र असल्यामुळे दातापाशी हिरडीत दिलेले औषध झिरपून मुळापर्यंत पोहोचते. खालच्या दाढांभोवतीचे हाड जाड असते, त्यामुळे तेथे जबड्याच्या मागच्या बाजूला, मज्जातंतू हाडात शिरतो त्या जागेजवळ औषध सोडावे लागते, आणि ती जागा प्रत्येकाच्या जबड्यात थोडी वेगळी असते. त्यातून पू झालेल्या भागात आम्लता वाढलेली असते, आणि लिग्नोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधाचा जो अंश मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरू शकतो, तो अशा आम्लतेत घटतो. ओठ बधिर होणे आणि दाढ बधिर होणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हे वाक्य मी त्यांच्याकडून प्रथम ऐकले, आणि इतक्या वर्षांचे एक ओझे खाली ठेवल्यासारखे वाटले.

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीची ही भेट मला संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची वाटते. दाढ काढणारे डॉक्टर वेगळे आणि भूल देणाऱ्या बाई वेगळ्या, ही व्यवस्था तेथे पहिल्यापासून ठरलेली होती. बाईंनी माझ्या जबड्याच्या एक्स-रेकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी मला तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे टाकायला सांगितली, वजन केले, रक्तदाब मोजला आणि मग प्रश्नांना सुरुवात केली. झोपेत घोरता का, मधेच श्वास अडकल्यासारखे होऊन जाग येते का, घशाशी आंबट येते का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, गरोदर असण्याची शक्यता आहे का, झोपेसाठी किंवा सर्दीसाठी अधूनमधून कोणती गोळी घेता. घोरण्याचा प्रश्न मला त्या वेळी अवांतर वाटला होता. गुंगीत घशाचे स्नायू सैल पडतात, आणि ज्यांचा श्वास रात्री झोपेतही अडतो त्यांचा तो गुंगीत अधिक सहज अडू शकतो, हे कळल्यावर त्या प्रश्नाचे वजन लक्षात आले.

मी त्यांना म्हणाले, ‘मला पूर्ण झोपवा, काहीही कळायला नको.’ त्यांनी शांतपणे नकार दिला. त्यांचे उत्तर मला जवळजवळ शब्दशः आठवते : ‘मी हाक मारली की तुम्ही डोळे उघडाल, श्वास तुमचा तुम्ही घ्याल, एवढीच गुंगी मला तुमच्यासाठी हवी आहे. त्यापलीकडे गेले तर श्वासाची जबाबदारी माझ्यावर येते, आणि तोंडातल्या कामात श्वासाची वाट आणि शस्त्रक्रियेची जागा एकच असते.’ पोटाच्या किंवा पायाच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाला रुग्णाचा चेहरा मोकळा मिळतो. दाढेच्या शस्त्रक्रियेत मात्र पाणी, रक्त, हाडाचे कण आणि कापसाचे बोळे हे सगळे श्वासनलिकेच्या दारातच असते. खोकून ते बाहेर टाकण्याची रुग्णाची शक्ती शाबूत ठेवणे हेच त्या मर्यादेमागचे कारण होते. मागितले तेवढे औषध देणाऱ्यापेक्षा कारण सांगून नकार देणारा डॉक्टर मला अधिक भरवशाचा वाटतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सहा तास आधीपासून खाणे बंद आणि दोन तास आधीपासून पाणीही बंद, अशी लेखी सूचना होती आणि ती पाळली का हे तिघांनी तीन वेळा विचारले. सोबत थोरली बहीण होती. सोबत कोणी आले नसेल तर गुंगी दिली जाणार नाही, ही अट आधीच कळवलेली होती. उजव्या हाताच्या बोटाचे नखरंग पुसून त्यावर ऑक्सिजन मोजणारा क्लिप लावला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, छातीवर तीन चिकटपट्ट्या लावल्या आणि नाकाशी ऑक्सिजनची दुपदरी नळी बसवली. त्या नळीचा एक पदर ऑक्सिजन आत सोडत होता आणि दुसरा माझ्या उच्छ्वासाचा नमुना यंत्राकडे नेत होता. पडद्यावर प्रत्येक श्वासागणिक एक चौकोनी टेकडीसारखी रेघ उमटत असे. मी श्वास रोखून पाहिला तेव्हा ती रेघ लगेच सपाट झाली. बोटावरच्या क्लिपचा आकडा मात्र जागचा हलला नाही. ‘म्हणूनच मी बोटाकडे कमी आणि या रेघेकडे जास्त बघते,’ असे बाई म्हणाल्या. नाकातून जादा ऑक्सिजन मिळत असताना श्वास मंदावला तरी रक्तातील ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो, आणि तो घसरू लागेपर्यंत मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. अशी गुंगी देणाऱ्या कोणत्याही ठिकाणी ही श्वासाची रेघ दिसते का, हे रुग्णाने आवर्जून विचारावे.

हाताच्या मागच्या बाजूला सुई लावल्यावर मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा पहिला एक मिलिग्रॅम दिला गेला आणि मग पूर्ण दोन मिनिटे कोणी काही केले नाही. त्या थांबण्याचे मला तेव्हा नवल वाटले. शिरेतून दिलेल्या औषधाचा फायदाच हा आहे की थेंबाथेंबाने देऊन, परिणाम पाहून, पुढचा थेंब द्यायचा की नाही हे ठरवता येते. दुसऱ्या मिलिग्रॅमनंतर छतावरच्या दिव्याच्या कडा मऊ झाल्या, पायांचे वजन नाहीसे झाले आणि मनातली धडधड कोणीतरी बाजूला उचलून ठेवावी तशी दूर गेली. हिरडीवर बधिर करणारी जेली लावल्याचे मला आठवते, इंजेक्शन आठवत नाही. पाण्याचा आवाज आठवतो, ‘तोंड थोडे अजून उघडा’ हे दोनदा ऐकल्याचे आठवते. त्यानंतरची आठवण थेट पडद्यामागच्या खाटेवरची आहे, आणि मधली पन्नास मिनिटे माझ्यापाशी नाहीत.

त्या पन्नास मिनिटांचा हिशेब मला मागाहून मिळाला, आणि तो मी न मागता मिळाला, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते. डावी दाढ काढून झाल्यावर माझ्या श्वासाच्या रेघा एकमेकींपासून दूर दूर पडू लागल्या होत्या. बाईंनी शल्यचिकित्सकांना हात थांबवायला सांगितले, माझी हनुवटी उचलून धरली, नावाने हाक मारली आणि दोन खोल श्वास घ्यायला लावले. पुढचा ठरलेला डोस त्यांनी दिला नाही. उजवी दाढ आहे त्या गुंगीवरच काढली गेली. बोटावरचा आकडा त्या वेळेपर्यंत बदललेलाही नव्हता. हे सगळे कागदावर वेळेसह लिहिलेले होते आणि त्यांनी ते मला वाचून दाखवले. घाबरवण्यासारखे त्यात काही नव्हते, पण लपवून ठेवणेही त्यांना सहज शक्य होते. दाढ काढणाऱ्या माणसाचे लक्ष दाढेवर असते आणि तसेच ते असायला हवे. म्हणून श्वासाकडे पाहणारा, त्या वेळी दुसरे कोणतेही काम नसलेला माणूस खोलीत लागतोच. एकाच डॉक्टरने काप घ्यायचा, दाढ फोडायची आणि अधूनमधून पडद्याकडेही पाहायचे, अशी व्यवस्था मी यापुढे कधीही स्वीकारणार नाही.

बाजूच्या ट्रॉलीवर फ्लुमाझेनिल आणि नॅलोक्सोन या दोन औषधांच्या कुप्या काढून ठेवलेल्या मी सुरुवातीलाच पाहिल्या होत्या. पहिले मिडाझोलामचा परिणाम उलटवते, दुसरे फेंटानिलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामक औषधांचा. उतारा हाताशी आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, हेही बाईंनी सांगितले होते, कारण फ्लुमाझेनिलचा असर मिडाझोलामच्या आधी ओसरू शकतो आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. प्रोपोफोल या गुंगीच्या दुसऱ्या औषधाला तर असा उताराच नाही.

आता तक्रार. गुंगी उतरत असताना पुढच्या काळजीच्या सूचना मला, म्हणजे खाटेवर पडलेल्या रुग्णाला सांगितल्या गेल्या. मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते म्हणे. कापसाचा बोळा किती वेळ दाबून धरायचा हा प्रश्न मी परिचारिकेला तीन वेळा विचारला, तिने तीनदा उत्तर दिले, आणि त्यातले एकही मला आठवत नाही. मिडाझोलाम दिल्यानंतरच्या काळातील गोष्टी स्मृतीत टिकत नाहीत हे तेथील प्रत्येकाला ठाऊक असताना सूचना बहिणीला समोर बसवून द्यायला हव्या होत्या. ती पडद्यापाशी उभी राहून ऐकत होती म्हणून निभावले. संमतिपत्रही त्याच दिवशी सकाळी, सुई लावण्याच्या जेमतेम दहा मिनिटे आधी हातात आले; खालच्या ओठाला दीर्घकाळ बधिरता येण्याची शक्यता त्यात लिहिलेली होती आणि ती वाचून विचार करायला सवडच नव्हती. तोंडी सगळे आठवडाभर आधी सांगितले होते हे मान्य, पण कागदही त्याच भेटीत घरी द्यायला काय हरकत होती? पुढचे चोवीस तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये, असे ज्या पत्रकात छापले होते त्याची अक्षरेही इतकी बारीक होती की बहिणीला ते वाचायला चष्मा बदलावा लागला.

एका गोष्टीची मला कल्पना नव्हती आणि तिचा फार उपयोग झाला. काम संपताना शल्यचिकित्सकांनी दोन्ही बाजूंना ब्यूपिव्हाकेन हे दीर्घकाळ टिकणारे बधिरतेचे औषध सोडले होते. त्यामुळे घरी पोहोचून, वेदनाशामक गोळी पोटात जाऊन तिचा असर सुरू होईपर्यंत जबडा बधिरच राहिला. पहिली संध्याकाळ सोपी गेली. गाल खरा सुजला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी.

शिरेतील गुंगी प्रत्येकाला हवीच असे माझे मुळीच म्हणणे नाही, आणि इतर पर्यायांचाही अनुभव घरात आहे. तोंडाने घ्यायच्या गोळीचा अनुभव मला स्वतःला आहे, आणि तो चांगला नाही. आणखी एका ठिकाणी दाताच्या मुळाच्या उपचाराआधी मदतनिसाने बाहेरच्या बाकावर मला एक गोळी दिली. वजन विचारले नाही, सकाळी सर्दीची गोळी घेतली होती का हे विचारले नाही. मी ती घेतली होती, आणि त्या गोळीनेही झोप येते. उपचार संपल्यावर मी खुर्चीतून उठू शकले नाही, संध्याकाळपर्यंत तेथेच पेंगत राहिले, आणि त्या सगळ्या वेळात बोटाला साधा क्लिपही कोणी लावला नाही. गोळी दिसायला सर्वांत निरुपद्रवी असते. एकदा गिळली की मात्र ती किती आणि केव्हा चढेल हे कोणाच्याच हातात राहत नाही. जास्त झाली तर परत घेता येत नाही, कमी पडली तर दुसरी देण्याचा मोह होतो. हलक्या भीतीसाठी, ठरवून दिलेल्या मात्रेत, लक्ष ठेवणारे कोणी असेल तर तिचा उपयोग होतो. एरवी सर्व पर्यायांत मी तिला सर्वांत खाली ठेवीन.

नायट्रस ऑक्साइड हा वायू माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला दिला गेला, तेव्हा मी शेजारी बसले होते. नाकावर छोटा मऊ मुखवटा, आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू वायूचे प्रमाण वाढवत नेणे, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे शुद्ध ऑक्सिजन. मिश्रणातील ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी सोय यंत्रातच असते. पोरगे पूर्ण जागे होते, पायाची बोटे गुदगुल्या झाल्यासारखी हलवत होते, आणि दोन दात भरून झाल्यावर दहा मिनिटांत स्वतः चालत बाहेर आले. बधिर झालेला ओठ तो घरी जाऊन चावून घेऊ नये म्हणून मात्र आम्हाला संध्याकाळपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसावे लागले. नाक चोंदलेले असेल तर या वायूचा उपयोग होत नाही, आणि जो नाकाने श्वास घ्यायलाच तयार नाही अशा घाबरलेल्या मुलावर तो चालत नाही.

होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हाच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. पुढच्याच महिन्यात बोस्टनमध्ये त्याने जाहीर प्रात्यक्षिक केले तेव्हा रुग्ण ओरडला आणि वेल्सची हेटाळणी झाली; वायूची पिशवी वेळेआधी दूर केली गेली होती असे सांगतात. किती द्यायचे आणि कधी थांबायचे, हा प्रश्न तेव्हापासून या विद्येच्या मुळाशी आहे. भुलीच्या इतिहासातले एक मोठे पाऊल दाढेच्या खुर्चीत पडले, याचे मला दर वेळी कौतुक वाटते.

पूर्ण भूल माझ्या मामांना द्यावी लागली होती. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली मानेपर्यंत उतरला होता, तोंड एक बोटभरही उघडत नव्हते आणि गिळणे अवघड झाले होते. अशा स्थितीत गुंगीचे औषध खुर्चीत देणे धोक्याचे असते, कारण श्वासाची वाट आधीच अरुंद झालेली असते. म्हणून त्यांना थेट रुग्णालयात नेले, नाकातून श्वासनलिकेत नळी घातली आणि मगच पू काढला. जबड्याचे हाड मोडलेले असेल, खूप दात एकदम काढायचे असतील, किंवा लहान वय वा मतिमंदत्व यांमुळे रुग्ण सहकार्य करू शकत नसेल, तर पूर्ण भूल हाच रास्त मार्ग ठरतो. केवळ भीती वाटते म्हणून मात्र तेथवर जाऊ नये, असे मला मामांची अतिदक्षता विभागातली ती रात्र पाहिल्यावर वाटते.

माझी वरच्या बाजूची एक अक्कलदाढ अजून शिल्लक आहे. ती सरळ उगवलेली आहे, पण गालाला घासते, म्हणून काढावी लागणार आहे. टाके पाहण्यासाठी गेले असताना मी त्याच भूलतज्ज्ञ बाईंना पुढची तारीख विचारली. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘या दाढेला माझी गरज नाही. वरचे हाड मऊ आहे, एका इंजेक्शनचे काम आहे. भीती वाटलीच तर डॉक्टरांना हात वर करून थांबवा, ते थांबतील.’ पुढच्या महिन्यातील वेळ मी फक्त इंजेक्शनवर घेतली आहे.